घरास कुलूप आढळले

बन्सी हवालदारांच्या अंगणात कडुलिंबापासून न्हाणीमागच्या बांबूपर्यंत तांब्याची एक लांब तार ताणलेली असायची. एवढी चांगली तार असताना तिच्यावर धुणं वाळत न घालता हा माणूस तिच्यातून लांबलांबच्या लोकांशी बोलत बसतो, म्हणजे फौजेत याच्या डोक्याला काहीतरी लागलेलं असणार, असं गावातल्या बायकांचं ठाम मत होतं. त्यांच्या बायकोचं, राहीकाकींचं मतही याहून फार वेगळं नसावं. एकदा हवालदार बीडला गेलेले बघून त्यांनी त्या तारेवर दोन लुगडी आणि एक ओली गोधडी टाकली आणि तार मधोमध तुटली. हवालदारांनी आरडाओरडा केला नाही. पुढचे दोन दिवस ते घरात तोंडाने बोललेच नाहीत. भाकरी हवी असली की ताटाच्या काठावर बोटाने टकटक करायचे, आणि काकी अशा वस्ताद की त्यांना सगळं कळत असूनही त्या नुसतं मीठ वाढायच्या.

हवालदार फौजेत बिनतारी संदेशाच्या कामावर होते. निवृत्त होऊन शिरूर कासारजवळच्या आमच्या गावी परत आले ते एक लोखंडी पेटी घेऊनच. पेटीत एक जुना रिसीव्हर, त्यांनी स्वतः जोडलेला ट्रान्समीटर, मोर्सचे ठोके पाठवायचे दोन पितळी खटके आणि हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेखातर घरातून बिनतारी संदेश पाठवण्याचा, सरकारी परवाना. तो परवाना त्यांनी देव्हाऱ्याशेजारी फ्रेम करून लावला होता. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती ताकाची कासंडी घेऊन. बारावी होऊन मी घरी बसले होते. मला पुढे शिकवायचं की नाही यावर माझे वडील, आण्णा, विचार करत होते, म्हणजे करत नव्हते. राहीकाकी माझ्या आईच्या नात्यातल्या, म्हणून त्या घरी जायला मला आडकाठी नव्हती. मी गेले तेव्हा हवालदार कानाला हेडफोन लावून पाटीवर इंग्रजी अक्षरं उतरवत होते. मला बघून म्हणाले, "मद्रासचा माणूस हाय. दात दुखायलाय म्हणतो." मी कासंडी हातात धरून तशीच उभी राहिले. मद्रासच्या कुणा माणसाचा दात आमच्या गावात कळतो, याचं मला इतकं नवल वाटलं की ताक देऊन मी घरी गेलेच नाही.

द्वारका तिथे माझ्या आधीपासून होती. हवालदारांच्या भिंतीला लागून तिचं पत्र्याचं घर. तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे आणि ती आजीजवळ राहायची, म्हणून तर बारावीपर्यंत पोचली. शाळेत आम्ही एकाच वर्गात होतो, पण मैत्रिणी होतो असं म्हणणं धाडसाचं होईल. ती आमच्या घरी यायची तेव्हा ओट्यावर बसायची. तिला कुणी आत येऊ नको म्हटलेलं नव्हतं, पण ये असंही कुणी म्हटलेलं नव्हतं, मीसुद्धा. आज हे लिहिताना वाटतं की पुढच्या सगळ्याची सुरुवात त्या ओट्यावरच झाली असेल. हवालदारांच्या घरात मात्र एकच सतरंजी होती आणि तिच्यावर आम्ही दोघी शेजारी बसायचो.

मोर्स शिकायचं ते कानाने. कागदावरची टिंबं आणि रेघा पाठ करू नका, असं हवालदारांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तोंडाने "डिडा, डाडिडिडित" असं म्हणत ते खटका दाबायचे आणि आम्ही पाटीवर अक्षर लिहायचो. मी हुशार मुलगी होते. माझं अक्षर तालुक्यात नाव घेण्यासारखं होतं, निबंधात मला बक्षिसं होती. आणि तरीही मला ते जमेना. एखादं अक्षर हुकलं की मी त्याच्याच मागे लागायची, तेवढ्यात पुढची पाच निघून जायची. द्वारकेचं तसं नव्हतं. हुकलं तिथे ती रिकामी जागा सोडायची आणि पुढे चालायची. तिचा खटक्यावरचा हात तर बघत राहावं असा. ठोके सारख्या अंतराने, न घाई न ओढाताण. ती पाठवायला लागली की हवालदार डोळे मिटून घ्यायचे आणि म्हणायचे, "शाबास बेटा. फौजेत असतीस तर मेडल घेतलं असतंस." मला म्हणायचे, "शाले, मनगट ढिलं सोड. कणीक तिंबायलीस का?" राहीकाकी आतून हसायच्या. मीही हसायची, आणि घरी जाऊन माईच्या परातीच्या कडेवर मनगट दुखेपर्यंत टकटक करत बसायची. माय म्हणायची, "परातीला भोक पडंल, बये."

द्वारकेच्या बापाला हे सगळं पोरखेळ वाटायचं. म्हादू त्याचं नाव. उंच, वाकलेला, फार कमी बोलणारा माणूस. ऊसतोडीत एकट्या माणसाला किंमत नसते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणून आमच्याकडे पोरी हंगामाच्या हिशेबाने उजवल्या जायच्या. द्वारकेला बारावीनंतर दोन स्थळं येऊन गेली होती. हवालदारांनी म्हादूला बोलावून समजावलं की दिल्लीहून हिच्याही नावाचा परवाना आला की पोलिसांच्या वायरलेसमध्ये भरती निघते तिथे पोरीला उभी करता येईल, मी स्वतः तिला घेऊन जाईन. म्हादू म्हणाला, "कागद आला तर मी लग्नाचं नाव काढत न्हाई. न्हाई आला तर मातुर मला आडवू नका." द्वारका दाराआड उभी होती, तिने ऐकलं. मीही ऐकलं. त्या परवान्यावर तिचं काय अवलंबून आहे ते मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

परवान्याच्या परीक्षेला आम्ही हैदराबादला गेलो, हवालदार, काकी आणि आम्ही दोघी. परळीहून रेल्वे. काकींनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदे बांधून घेतले होते, आणि माईने माझ्यासाठी वेगळा धपाट्यांचा डबा दिला होता. तो मी गाडीत उघडला तेव्हा आधी मलाच दोन घ्यावेसे वाटले आणि मग इतरांपुढे डबा केला, हेही मला आठवतं. लाजिरवाण्या गोष्टी बारीकसारीक असल्या तरी नीट आठवतात. लेखी पेपर बरा गेला. मग मोर्स. एका खोलीत लाकडी टेबलाशी आम्हाला एकेक करून बोलावत होते. बाहेर बाकावर बसल्या बसल्या माझे हात बर्फासारखे गार पडले. द्वारकेने न विचारता माझं उजवं मनगट धरलं आणि अंगठ्याने चोळायला लागली. "हवालदारकाका समोर बसलेत असं समज. त्यांला सांग, माजा दात दुखायलाय," ती म्हणाली. मला हसू फुटलं. हसतच मी आत गेले आणि काठावर का होईना, पास झाले. द्वारकेचा ठोका ऐकून परीक्षक उठून उभे राहिले आणि कुठे शिकलीस म्हणून तिला विचारलं, हे आम्हाला तिनेच सांगितलं. फुशारकी मारून नाही. तिला वाटलं, काही चुकलं म्हणून ते उठले.

दिवाळीच्या आधी दोघींचे निकाल आले. आता परवान्याचा अर्ज करायचा होता. तो मीच भरला, दोघींचाही, माझ्या त्या बक्षिसाच्या अक्षरात. बिनतारी यंत्र म्हणजे देशाच्या सुरक्षेचा मामला, म्हणून अर्जदाराच्या घरी पोलीस येऊन चौकशी करणार आणि मगच दिल्लीहून कागद निघणार, असं हवालदारांनी सांगितलं. त्याच महिन्यात द्वारकेची आजी गेली. मागे राहायला कुणी उरलं नाही. तरण्या पोरीला एकटी ठेवून कोण जाईल? ती आईबापाबरोबर ऊसतोडीला निघाली.

दिवाळी झाली की आमचं अर्धं गाव असं निघून जायचं. ट्रॅक्टर भरायचे, त्यावर भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं. मग गावातले आवाज कमी व्हायचे. पिठाची गिरणी एक दिवसाआड चालायची, आडावर रहाटाची कुरकुर उरायची. ज्यांच्या घरी मागे म्हातारं माणूस नसे ते कुलूप लावून किल्ली आमच्याकडे आणून देत, कारण आण्णा गावचे पोलीस पाटील होते. आमच्या मधल्या खोलीत एक फळी होती, तिला ओळीने खिळे ठोकलेले, आणि दर खिळ्याला सुतळीत ओवलेली कुणाची तरी किल्ली. द्वारका तिच्या घराची किल्ली द्यायला आली तेव्हा हवालदारही आमच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी खिशातून आपल्या दोन खटक्यांपैकी एक काढला आणि तिच्या हातावर ठेवला. "फडावर पाचटाच्या कोपीत बसल्या बसल्या हात चालू ठेव," म्हणाले. मग आण्णांकडे वळून, मी तिथे उभी असताना, अगदी सहज बोलून गेले, "पाटील, शालीला मेहनतीनं आलं. हिच्या हातात उपजत हाय."

त्यात वाईट काय होतं? खरं तेच बोलले ते. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पोलीस पाटलाची मुलगी मी, आणि उपजत हिच्या हातात! तो खटका मला मिळायला हवा होता, असं मला वाटलं आणि पुढचे कितीतरी दिवस वाटत राहिलं. भाकरी थापताना, झाडताना, केस विंचरताना मी मनातल्या मनात हवालदारांशी भांडायची. पौषात द्वारकेचं कार्ड आलं. खाली साखर कारखान्याचा पत्ता, वर पेन्सिलीने चार ओळी. "खटक्याला उसाच्या वाढ्याच्या पानांत गुंडाळून ठेवते. आई म्हणते, रात्री झोपेतपण बोटं हलवतीस. पोलीस येतील तर तू सांग, मी पाडव्याला येते. तुझ्याशिवाय कोण सांगणार?" मी ते कार्ड वाचून शब्दकोशात ठेवलं.

पोलीस ठाण्याचे जमादार चौकशीला आले ते संक्रांतीनंतर एका सकाळी. आण्णांची कंबर धरली होती, ते बाजेवर पडून होते. माय चुलीपुढे धपाटे करत होती. ज्वारीचं पीठ, लसूण, ओवा आणि हिरव्या मिरचीचा खमंग वास घरभर पसरला होता, आणि जमादार त्या वासाने खुर्चीतच पुढे सरकून बसले होते. गावात फिरून ते द्वारकेच्या घरावरून आले होते. "पाटील, त्या दुसऱ्या पोरीच्या घराला तर कुलूप हाय की," ते म्हणाले. "म्हातारी गेली, म्हून औंदा कुलूप हाय ते," आण्णा म्हणाले. "किल्ली बगा ना, हितंच हाय." आणि त्यांनी पडल्या पडल्या फळीकडे बोट केलं. जमादार म्हणाले, "मग तुमीच अहवाल लिवा. मी त्याच्यावर शेरा मारतो. कंबर लई दुखती का?"

आण्णांचं लिहिण्याचं काम मीच करायची. पंचनामे, दाखले, सगळे. जमादारांनी दोन छापील कागद माझ्यापुढे ठेवले, एक माझा आणि एक तिचा. माझा मी आधी लिहिला. जन्मापासून गावात वास्तव्य, घराणे प्रतिष्ठित, वर्तणूक उत्तम. स्वतःबद्दल एवढं चांगलं लिहिताना मला जरासुद्धा लाज वाटली नाही. मग आण्णा म्हणाले, "द्वारकीचं लिव. आईबापासंगं ऊस तोडायला गेलीय, ते दरसाल जातेत, पाडव्याला माघारी येतेत. राहणार हितलीच. पोरगी निर्मळ हाय. तुज्या भाषेत नीट बशीव ते. म्हादू जायच्या आदल्या दिशी हात जोडून गेलाय माज्याफुडं, पाटील, पोरीचं चांगलं लिवा म्हून." मी मान हलवली आणि लिहिलं. "सदर अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत असल्याचे दिसून आले नाही. घरास कुलूप आढळले. वर्तणुकीविषयी तक्रार नाही." खाली रेघ मारली.

त्यात खोटं एकही अक्षर नव्हतं. त्या सकाळी ती त्या पत्त्यावर राहत असल्याचं दिसत नव्हतं. घरास कुलूप होतं. ही सफाई कुणी शिकवावी लागत नाही, माझ्या हातात ती उपजत होती. आण्णांचा चष्मा खुंटीवर होता, हाताच्या अंतरावर. त्यांनी तो मागितला असता तर मी काय केलं असतं, याचा मी आयुष्यभर विचार केला आहे. त्यांनी मागितला नाही. माझ्या अक्षरावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. सही करून त्यांनी कागद जमादारांना दिला. जमादारांनी न वाचता शेरा मारला, चार धपाटे दह्याबरोबर खाल्ले आणि आणखी दोन रद्दीच्या कागदात गुंडाळून नेले. ते गेल्यावर मी भांडी घासायला बसले. मला आतून हलकं वाटत होतं. त्या वेळी मला पश्चात्ताप झाला असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी त्या दिवशी गाणं गुणगुणत होते.

माझा परवाना पाडव्याच्या आत आला. द्वारकेला चार ओळींचं पत्र आलं की पडताळणीचा अहवाल अनुकूल नसल्यामुळे अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. तिच्या घराला कुलूप म्हणून पोस्टमनने ते पत्र शेजारी हवालदारांकडे दिलं होतं. ते वाचून ते तसेच उठून आमच्याकडे आले. मी ओट्यावर तूर निवडत होते. "पाटील," त्यांनी उभ्या उभ्याच विचारलं, "पोरीबद्दल काय लिवलं व्हतं तुमी?"

"चांगलंच की," आण्णा म्हणाले. "जसं हाय तसं सांगितलं मी. शालीनंच लिवलं. कावून?"

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. मी सुपातल्या तुरीकडे. ते खाली बसले, माईने दिलेला चहा प्यायले, आण्णांच्या कमरेची चौकशी केली आणि गेले. मला त्यांनी त्या दिवशीही काही विचारलं नाही आणि नंतरही कधी नाही. शिकवणं त्यांनी थांबवलं नाही. पण मला ते अधूनमधून बेटा म्हणायचे, ते बंद झालं.

पाडव्याला द्वारका परत आली. उन्हाने काळवंडलेली, हातावर पाचटाचे ओरखडे. पत्र तिने माझ्यासमोरच वाचलं, दोनदा. "अनुकूल न्हाई म्हंजे काय गं? मी काय केलं?" तिने विचारलं. मी म्हणाले, "काहीतरी चूक झाली असेल. आपण परत अर्ज करू." ती लगेच म्हणाली, "करू." मी तिला उद्या ये म्हटलं. उद्या मी तिला परवा ये म्हटलं. हवालदारांनी आपल्या परीने दिल्लीला लिहिलं, त्याचं उत्तर यायला वेळ लागणार होता आणि म्हादू थांबणार नव्हता. वैशाखात तिचं लग्न झालं. नवरा वडवणीकडचा, ऊसतोडीतलाच. लग्नाला मी गेले, जरीचा परकर घालून. अक्षता टाकताना ती माझ्याकडे बघून हसली. निघताना तिने तो खटका हवालदारांना परत दिला, पुसून, फडक्यात गुंडाळून. हवालदारांनी तो कुणालाच दिला नाही.

माझा पहिला संदेश गेला तो त्यानंतर आठवड्याने. सकाळची वेळ होती. हवालदार शेजारी तंबाखू मळत बसले होते. मी हाक दिली आणि खूप वेळाने केरळातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी उत्तर दिलं. नाव, गाव, हवा असं सगळं विचारून झालं. मग त्यांनी विचारलं, तुझ्या गुरुजींचे आणखी विद्यार्थी किती? मी खटक्यावर बोट ठेवलं आणि पाठवलं, कुणी नाही, मी एकटीच. हवालदारांना वाचायला पाटीची गरज नव्हती. प्रत्येक अक्षर त्यांनी कानाने ऐकलं. तंबाखू मळणारा त्यांचा अंगठा मधेच थांबला आणि मग परत फिरू लागला. माझं मनगट त्या दिवशी अगदी ढिलं होतं. इतका चांगला ठोका माझ्याकडून पुन्हा कधी गेला नाही.

पुढे मी बीडला आले, संसार झाला, शाळेत नोकरी केली, आणि छतावरच्या तारेने मला जरासं नावही मिळवून दिलं. मागच्या वर्षी एका शाळेने माझा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला, आणि खेड्यातली मुलगी चुलीपुढून थेट जगाशी कशी बोलू लागली यावर मुख्याध्यापकांनी भाषण केलं. पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि तिने विचारलं, "मॅडम, तुमच्याबरोबर अजून कोणी शिकत होतं का?" माझ्या तोंडात पुन्हा तेच उत्तर तयार होतं. मी पाणी प्यायले आणि म्हणाले, "होती एक." मुलं पुढचं ऐकायला थांबली. मी शाल सावरून खाली बसले, तेव्हा मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवायला लावल्या.

त्या रविवारी मी वडवणीला गेले. बसस्टँडजवळ तिच्या मुलाचं पंक्चरचं दुकान आहे, त्याच्या मागे घर. द्वारका दारात बसून मटकी पाखडत होती. केस सगळे पांढरे, बोटं कोयत्याने वाकलेली. मी नाव सांगायच्या आधी तीच म्हणाली, "शाले, किती सुटलीस गं!" आणि मला हाताला धरून आत नेलं, खाटेवर बसवलं, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. तिच्या घरात मला ओट्यावर बसावं लागलं नाही. सून आत गेल्याबरोबर मी बोलायला सुरुवात केली, कारण चहा आला असता तर माझा धीर सुटला असता. जमादार, बाज, दोन कागद, आण्णांनी काय सांगितलं आणि मी काय लिहिलं, सगळं सांगितलं. तिचं कार्ड मिळालं होतं हेही सांगितलं. वाटेत बसमध्ये मी तिच्या शिव्या खायची तयारी केली होती. तिने मला घरातून हाकलून द्यावं, असंही वाटत होतं. ते मला परवडलं असतं.

माझं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "म्हंजे बापानं न्हाई?"

मला कळेना. "कुणाच्या बापानं?"

"माज्या." तिने सूप खाली ठेवलं. "मला वाटलं, त्यानंच जमादाराला गाठून मोडता घातला. लगीन करायचं व्हतं ना त्याला. मी तोंडावर म्हणले तसं. त्यो म्हणायचा, तुज्या मायची आन, मी काय बी केलं न्हाई. लई येळा म्हणायचा. मी कदी खरं धरलं न्हाई." तिने मी बसले होते त्या खाटेकडे बघितलं. "शेवटाला माज्याच घरी व्हता त्यो. अकरा महिने, ह्याच खाटंवर. खाऊ घातलं, धुतलं, पुसलं, समदं केलं मी. बोलले न्हाई."

"त्यांनी काही केलं नव्हतं," मी म्हणाले. "मीच."

"व्हय," ती म्हणाली. सून चहा घेऊन आली, कप ठेवून गेली. द्वारकेने माझा कप उचलून माझ्या हातात दिला. स्वतःचा कप तिने उचलला नाही.

"त्यो जित्ता व्हता तवा यायचं व्हतंस, शाले," ती म्हणाली. "आता हे मी कुणाला सांगू?"